हळदीचं बोट

रात्री साडेदहाला शेवटचा डबा घासून झाला
तेव्हा सुजय म्हणाला, आई, सीईटीचा लागला.
शहाऐंशी पॉइंट एक्केचाळीस.
अरे वा, मी म्हटलं, शंभरात शहाऐंशी!
टक्के नव्हेत ते, पर्सेंटाइल.
म्हणजे शंभरातले शहाऐंशी माझ्या मागे.
आणि पुढे?
चौदा.
चौदाच ना,
चौदा पानं मी पोळी गरम असेतो वाढते.
तो हसला नाही.
लाखोंच्या रांगेत चौदा म्हणजे किती
ते त्याने सांगितलं नाही
आणि मीही पातेल्यात डोकं घातलं.

नऱ्ह्यात सतरा वर्षं मेस चालवते मी.
कॉलेजं मला नावाने नाही, भुकेने ठाऊक.
टेकडीखालची पोरं अर्धा डबा परत पाठवतात,
रविवारी बाहेर जेवतात.
पुलापलीकडची पोळ्या मोजून घेतात,
पाच तारखेचे पैसे वीसला देतात, पण देतात.
एक कॉलेज आहे, त्याची पोरं
तिसऱ्या वर्षी जेवताना बोलायची बंद होतात.
कट-ऑफच्या पुस्तकात हा रकाना नाही.

पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणलं,
मागच्या वर्षीचं, निम्म्या किमतीत,
कुणीतरी आधीच पेन्सिलीने खुणा केलेलं.
त्या पोराचं पुढे काय झालं कोण जाणे.
एका पानावर नुसतं लिहिलंय:
बाबांना विचारणे.

निम्मी फी सरकार भरणार,
त्यासाठी उत्पन्नाचा दाखला,
त्यासाठी खडकमाळ आळीत तीन हेलपाटे.
उरलेली निम्मी मी डब्यांत मोजली:
एवढे डबे गुणिले एवढे महिने,
वजा गॅस, वजा भाडं,
वजा तो पोरगा जो पैसे न देता गावी गेला.
डेव्हलपमेंट फी म्हणून वेगळाच आकडा होता.
कुणाचं डेव्हलपमेंट? मी विचारलं.
सुजय म्हणाला, त्यांच्या गेटचं असेल.
डबे पोचवायला तोच जातो,
सगळी गेटं त्याने बाहेरून पाहिलेली.

परांड्याचा निहाल, जुना जेवणारा, सांगून गेला:
काकू, मनातलं वर लिहा, परवडणारं खाली.
पण पहिला पर्याय लागला की मग हलता येत नाही हां,
घ्यावाच लागतो.
तेव्हापासून मला पहिल्या ओळीची धास्ती.
लेकराला हवं ते मिळू नये
असं देवाजवळ कधी मागितलं नव्हतं.
त्या रात्री ओठांपर्यंत आलं.
गिळलं.

यादीचा कागद ओट्यावर होता.
फोडणीच्या घाईत
हळदीचं बोट लागलं चौथ्या ओळीला.
चौथं म्हणजे पुलापलीकडचं,
जुनी इमारत, कमी फी,
पोळ्या मोजून घेणारी पोरं.
पदराने पुसायला गेले तर आणखीच पसरलं.

शेवटच्या दिवशी पाचला फॉर्म बंद.
चार वाजता सुजयने नवी यादी वाचून दाखवली.
चौथं पहिलं झालं होतं.
का रे?
तू खूण केली होतीस ना.

तेव्हाच सांगायला हवं होतं
की ती खूण नव्हती, वरणाची घाई होती.
पण हाताला कणीक,
आणि तेवढ्यात ओटीपी आला माझ्या फोनवर.
वाच, तो म्हणाला.
मी वाचत गेले, एकेक करून.
चार. शून्य. नऊ. नऊ. दोन.
सहावा आकडा स्पष्ट दिसत होता.
तरी मी चष्मा पुसला.
त्याची बोटं की-बोर्डवर अधांतरी.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
आई, मलाही ती पोरं आवडतात.
डबा धुऊन परत देतात.

सात, मी म्हटलं.